श्री स्वामी समर्थांचा अज्ञात पूर्वाश्रम

पिंपळीहून इंदापूर, सोलापूरमार्गे अक्कलकोटला जाणाऱ्या भाविकांसाठी हे अल्पचरित्र देत आहोत.

श्री स्वामी समर्थ इ. स. १८५६ च्या सुमारास अक्कलकोटी आले. तत्पूर्वी त्यांचे वास्तव्य मंगळवेढ्यास होते. त्यांचे माता-पिता, जन्मग्राम, कुल यांचा थांग कोणासही लागला नाही. त्या काळी नवागतास प्रथम कुलगोत्रच विचारीत; स्वामींनी मात्र विचारणाऱ्यांना निरनिराळी उत्तरे दिली. कर्दळीवनात गुप्त झालेले श्रीनृसिंह सरस्वतीच पुन्हा प्रकटले, अशी भक्तांची श्रद्धा आहे.

अशा अनोळखी संन्याशास चोळप्पांनी आपल्या घरी ठेवून घेतले, हे आम्हांस विशेष वाटते. दि. ३० एप्रिल १८७८ रोजी स्वामी समाधिस्थ झाले. समाधी चोळप्पांच्याच घरी आहे. वटवृक्ष मंदिरानंतर तेथेही अवश्य जावे.