विजेच्या जाळ्याचे शिल्पकार : डॉ. आंबेडकर

परळच्या चाळीतील एका खोलीत, काच नसलेल्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला, ही घटना विलक्षणच म्हटली पाहिजे. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना परिचित आहेत. त्यांचे विजेच्या क्षेत्रातील कार्य मात्र काहीसे उपेक्षितच राहिले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे अर्थशास्त्राचे अध्ययन केले. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळाचा भार कमी करण्यासाठी उद्योगवाढीचा मार्ग सुचवला होता. उद्योग वाढवायचे तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, हे पुढील सूत्र त्यातूनच आले.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्याच खात्याकडे होते. त्या काळी बहुतेक शहरांची वीज त्या त्या शहरापुरती, खासगी कंपनीच्या एखाद्या केंद्रातून येई. वऱ्हाडातील खेडी तर रॉकेलच्या दिव्यावरच होती.

या व्यवस्थेतील दोष दारव्ह्यासारख्या कापसाच्या बाजारपेठेचे उदाहरण घेतले की चटकन ध्यानात येतो. वीज साठवून ठेवणे कठीण. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती करावी लागते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, दिवाळीनंतरच्या हंगामात जिनिंग चालते, एरवी मागणी उतरते. एकट्या गावाने स्वतःचे इंजिन बसवायचे तर ते सर्वाधिक मागणीच्या मापाचे हवे. वर्षातील बराच काळ ते अर्धवट चालणार, त्यामुळे वीज महाग पडणार आणि बिघाड झाला की सारे गाव अंधारात. अनेक गावे आणि केंद्रे एका जाळ्यात जोडली, तर एकाची गरज कमी असताना दुसऱ्याची भागते आणि राखीव यंत्रेही सामाईक ठरतात.

१९४३ साली धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी विजेच्या मालकीचा आणि व्यवस्थापनाचा प्रश्न मांडला, तो याच पार्श्वभूमीवर. त्यांचा कल सरकारी मालकीकडे होता, कारण केवळ नफ्याच्या हिशेबाने चालणारी कंपनी गरिबाच्या झोपडीपर्यंत तारा नेणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची सांगड घालणाऱ्या दामोदर खोरे योजनेलाही त्यांनी चालना दिली.

१९४६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. १९४८ साली काकासाहेब गाडगीळ वीजमंत्री असताना वीजपुरवठा कायदा संमत झाला आणि राज्य वीज मंडळांचा मार्ग खुला झाला. राज्यघटनेतही वीज हा विषय समवर्ती सूचीत आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये उभे राहिले, ते पाहण्यास ते नव्हते.

तारा गावोगाव पोहोचल्या, तरी पिकाला पाणी देण्यासाठी रात्री उठण्याची वेळ शेतकऱ्यावर येत राहिली. २०१७ मध्ये राज्य शासनाने सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी गावाची निवड झाली. गावाजवळच्या सौर प्रकल्पाने दिवसा पंप चालवायचे, पण जाळ्याशी नाते तोडायचे नाही, अशी ही रचना आहे. निर्मिती पुन्हा गावाकडे येत असताना बाबासाहेबांची कसोटी मात्र तीच राहते : अखेरच्या घरापर्यंत परवडणारी वीज पोहोचते की नाही?