सर हम्फ्री डेव्ही आणि कातड्याचा हौद

विद्या पोथीत राहते की हातात, हा वाद आमच्या देशात फार जुना आहे. आणि त्याचा निकाल आम्ही बहुधा पोथीच्याच बाजूने देत आलो. ह्या पक्षपाताने ज्या कलांचे नुकसान झाले, त्यांत कातडी कमावण्याची कला अग्रभागी होय. म्हणून, हीच कला शिकण्यासाठी ज्या रसायनशास्त्रज्ञाने हौदाचा काठ गाठला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हम्फ्री डेव्ही ह्यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात पेन्झान्स येथे झाला. वडील लाकडावर नक्षीकाम करीत. ते १७९४ साली वारले. पुढील वर्षी मुलगा एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिला. महाविद्यालयाची पायरी त्याने विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. १७९८ साली तो ब्रिस्टल येथील वायुचिकित्सा संस्थेत गेला, आणि १८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. शास्त्राचा उपयोग रोजच्या व्यवहारास व्हावा, हाच ह्या संस्थेचा हेतू होता.

त्याच वर्षी जूनमध्ये चालकांनी ठराव केला की, डेव्ही ह्यांनी कातडी कमावण्याच्या रसायनावर व्याख्याने द्यावी. आणि तत्पूर्वी जुलैपासून तीन महिने रजा घेऊन त्या धंद्याची प्रत्यक्ष माहिती करून घ्यावी. ठरावाचा हा उत्तरार्ध आमच्या मते सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगा आहे. आधी काम पाहावे, मग व्याख्यान द्यावे, हा क्रम आमच्याकडे किती पंडितांनी पाळला असेल? बावीस वर्षांचे डेव्ही ब्रेंटफर्डचे सॅम्युएल पर्किस आणि नेदर स्टोवीचे टॉमस पूल ह्या कातडी कमावणाऱ्यांच्या सहवासात आले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली.

तेथे त्यांनी काय पाहिले? कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून केस सैल करावयाचे. मग केस व मांस खरवडून काढावयाचे. चुन्याचा अंश घालविण्यासाठी पक्ष्यांच्या विष्ठेच्या पाण्यात ठेवावयाचे. आणि शेवटी ओकच्या सालीच्या काढ्यात, प्रथम सौम्य व मग उत्तरोत्तर कडक, असे बुडवावयाचे. जाड कातड्यास ह्यात वर्षाहून अधिक काळ लागे. सालीतील तुरट द्रव्य कातड्यातील सरसाशी संयोग पावते, आणि ते कातडे मग कुजत नाही, हे ह्या क्रियेचे मर्म होय.

कडक काढा वापरून हे काम थोड्या दिवसांत उरकावे, असे फ्रान्सातील सेगँ ह्यांचे मत होते. डेव्ही ह्यांनी प्रयोगांती दाखविले की, घाईने कमावलेले कातडे कडक व ठिसूळ होते. सौम्य काढ्यात सावकाश मुरलेले मऊ व टिकाऊ होते. अर्थात पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कारागिरांनी जी रीत बसविली होती, तिच्यावर ताण करण्याजोगे शास्त्रास अद्याप फारसे सापडलेले नाही, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

ह्या कथेत आमच्या देशाचाही वाटा आहे. १८०१ च्या डिसेंबरात सर जोसेफ बँक्स ह्यांनी डेव्ही ह्यांस कात दिला. तोच, जो आपण विड्यात घालतो. मुंबईचा व बंगालचा असे दोन्ही नमुने त्यांनी तपासले. मुंबईच्या कातात निम्म्याहून अधिक अंश तुरट द्रव्याचा निघाला. एक पौंड कात सुमारे साडेआठ पौंड ओकच्या सालीचे काम करील, असा हिशेब त्यांनी मांडला. १८०३ साली हा निबंध रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झाला. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा आमच्याकडे कातकऱ्यांचा परंपरागत धंदा. ज्यांच्या नावातच कात आहे, त्यांच्या वाट्यास ह्या मालाच्या कीर्तीतून काय आले, हे व्यापारी वाचकांस सांगणे नलगे.

पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. १८०७ साली पोटॅशियम व सोडियम ही मूलतत्त्वे त्यांनी वेगळी केली. १८१५ साली खाणीतील मजुरांसाठी सुरक्षादीप रचला व त्याचे पेटंट घेतले नाही. १८२० साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वारले. हौदाच्या दुर्गंधीने त्यांच्या प्रतिष्ठेस कोठे डाग लागला?

आता आपल्याकडे पाहू. बाभळीची साल, हिरडा व चुना ह्यांनी कातडे कमावण्याची विद्या महाराष्ट्रात ढोर समाजाने शतकानुशतके जतन केली. तिचा मोबदला म्हणून आम्ही त्यांना गावाबाहेर ठेविले. त्यांची मोट आमच्या मळ्यास पाणी देई, त्यांच्या कातड्याचे जोडे आमच्या पायांस चालत. विटाळ तेवढा त्यांच्या हाताचा होई! १९५० साली अमलात आलेल्या घटनेने अस्पृश्यता रद्द केली. पण ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांस भर रस्त्यावर मारहाण झाली. कायदा पुस्तकात बदलला, मन बदलावयाचे राहिले, ह्याचा ह्याहून निराळा पुरावा कशाला हवा?

कोणी म्हणेल, आज बहुतेक कातडे क्रोमच्या क्षारांनी कमावले जाते. मग सालीच्या काढ्याची कथा कशाला? आमचे उत्तर असे की, प्रश्न केवळ काढ्याचा नाही, कारागिराकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. जेथे विद्वानास कारागिराचा शिष्य होण्याची लाज वाटते, तेथे विद्वान कोरडा राहतो आणि कारागीर दरिद्री. डेव्ही ह्यांना ती लाज वाटली नाही. आमच्या शिकलेल्या तरुणांनी तीन महिने नको, तीन दिवस तरी त्या हौदाच्या काठी बसून पाहावे.