सुभेदार मल्हारराव होळकर : पिता आणि आजोबा



देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव आपोआप ओठांवर येते. काशीचा विश्वेश्वर, सोरटीचा सोमनाथ, गयेचे विष्णुपद, आपल्या वेरुळचा घृष्णेश्वर, किती स्थाने सांगावीत! परंतु ज्या वडीलधाऱ्या माणसाने या माउलीला चितेवर जाऊ दिले नाही आणि राज्यकारभारास लायक केले, त्यांची आठवण आपण क्वचितच काढतो. ते म्हणजे त्यांचे सासरे सुभेदार मल्हारराव होळकर. आज जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित होईल.

मल्हाररावांचा जन्म १६९३ साली नीराकाठच्या होळ या गावी एका साध्या धनगर कुटुंबात झाला. वडील खंडोजी लवकरच निवर्तले. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून आईने या पोरक्या मुलाला आपल्या भावाकडे, खानदेशात तळोद्याला नेले. मामा भोजराज बारगळ यांच्या घरी मेंढरे राखता राखता मुलगा मोठा झाला. रानात झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरली, अशी आख्यायिका सांगतात. पुढे ते कदम बांडे यांच्या पागेत शिलेदार झाले आणि मामांची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. थोरल्या बाजीरावांनी त्यांचे कर्तृत्व हेरले आणि माळव्याच्या मोहिमांतून मेंढपाळाचा पोर सुभेदार झाला. कुलदैवत जेजुरीच्या खंडोबाचा मात्र त्यांना कधी विसर पडला नाही.

मल्हाररावांना एकुलता एक मुलगा, खंडेराव. बापाने लहानपणी बापाचे छत्र गमावलेले, म्हणून की काय, या मुलावर त्यांचा अतोनात जीव. १७३३ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक अहिल्या त्यांनी सून करून आणली. गावच्या देवळात ही आठ वर्षांची पोर सुभेदारांच्या नजरेस पडली, असे परंपरेने सांगतात. पुढच्याच वर्षी, १७३४ साली, पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगीची वेगळी जहागीर मिळाली. घरातल्या बाईच्या हाती तिच्या हक्काचा पैसा असावा, हा त्यातला मोठा विचार. या गोष्टीचे मोल पुढे कळले.

सुनेची बुद्धी सासऱ्यांनी लवकर ओळखली. लिहिणे-वाचणे, हिशेब, वसुली, लष्कराची रसद, सर्व कामांत ते तिला हाताशी धरून शिकवीत. १७४५ साली नातू मालेराव झाला, १७४८ साली नात मुक्ताबाई. घर कसे भरून गेले!

आणि १७५४ साली आभाळ कोसळले. कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. साठी ओलांडलेल्या बापाने मुलाचे प्रेत पाहिले. अशात अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. त्या काळी असे जाणे हे पुण्य मानले जाई, अडवणारा निंदेस पात्र ठरे. तरीही मल्हाररावांनी लोकापवादाची पर्वा केली नाही. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशी त्यांनी सुनेची विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या. नऊ वर्षांचा मालेराव आणि सहा वर्षांची मुक्ता यांची आई वाचली.

यानंतर ते स्वतः स्वारीवर असत आणि दौलतीचा भार सुनेवर सोपवीत. तोफा कोठे न्याव्यात, दारूगोळा कसा तयार ठेवावा, अशी लष्करी कामे ते तिला पत्राने कळवीत, आणि ती ते चोख पार पाडी. १७६१ साली पानिपतच्या रणातून ते निघून आले, त्याबद्दल त्यांना दोष देणारे आजही आहेत. त्याच वर्षी गौतमाबाईही गेल्या आणि त्यांची खासगी अहिल्याबाईंकडे आली. थकलेल्या म्हाताऱ्याने तरीही लगाम सोडला नाही. नातवाला मार्गी लावायचे होते. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे, आजच्या मध्य प्रदेशात, स्वारीवर असतानाच त्यांचा देह पडला. तेथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री उभारली.

आजोबांच्या पश्चात मालेरावांना सुभेदारी मिळाली, पण वर्षही पुरे झाले नाही तोच १७६७ साली ते वारले. वंशाचा दिवा विझला असे वाटावे, अशी ही वेळ. दौलत दुसऱ्याच्या हाती द्यावी, असे डावही रचले गेले. परंतु सासऱ्यांनी तयार केलेली सून डगमगली नाही. थोरल्या माधवराव पेशव्यांनी तिचा हक्क मान्य केला. पुढे १७९५ पर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, त्या माउलीने प्रजेचे पालन केले.

देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा यांवरचा खर्च अहिल्याबाईंनी सरकारी खजिन्यातून न करता याच खासगीतून केला, हे आपण देणगीदारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिच्या पदराशी पैसा होता, म्हणून दानधर्म झाला. आणि ती जिवंत होती, म्हणून पैसा धर्मकार्यी लागला. १७८० साली काशीला विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले, त्यामागे कुंभेरीच्या छावणीत सुनेपुढे पदर पसरणारा एक दुःखी बाप होता.

मल्हाररावांनी पुत्र गमावला, नातूही त्यांच्या मागे फार जगला नाही, पण सुनेला लेक मानून त्यांनी जे शिकवले ते टिकले. आपल्या गावातही घरोघरी सुना-लेकी आहेत. देवळाचे शिखर नवे झाले, कळस चढला, आता घरातल्या लेकी-सुनांना शिकवून त्यांच्या हाती कारभार देऊ या. सुभेदारांना तीच खरी आदरांजली होईल.