डॉक्टर तळपायावर रेघ का ओढतात? जोसेफ बाबिन्स्की यांची गोष्ट

लकवा झालेल्या पेशंटला तपासताना डॉक्टर टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाच्या कडेने रेघ ओढतात आणि अंगठ्याकडे बघतात. नातेवाइकांना वाटतं, गुदगुल्या होतात का ते बघतायत. पण ही तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते म्हणजे जोसेफ बाबिन्स्की.

१८५७ साली पॅरिसमध्ये जन्म, आईवडील पोलंडमधून आलेले निर्वासित. पुढे ते साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये शार्को या नामांकित मेंदूतज्ज्ञांचे लाडके शिष्य झाले. मात्र १८९२ मध्ये प्राध्यापकीच्या स्पर्धा परीक्षेत त्यांना डावललं गेलं. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बुशार आणि शार्को यांचं वाकडं होतं. गुरूवरचा राग शिष्यावर निघाला, असंच बहुतेक जण मानतात. बाबिन्स्की परत त्या परीक्षेला बसले नाहीत. पितिए हॉस्पिटलमध्ये पेशंट तपासत राहिले.

तेव्हा मोठा पेच होता हिस्टेरियाचा. पाय हलत नाही, पण कारण मनात आहे की नसांत? चुकलं तर खऱ्या आजाराच्या माणसाला मनाचे खेळ म्हणून घरी पाठवायचे.

फेब्रुवारी १८९६ मध्ये बाबिन्स्कींनी जेमतेम २८ ओळींचं टिपण मांडलं. निरोगी मोठ्या माणसाच्या तळपायावर रेघ ओढली की अंगठा खाली वळतो. मेंदूकडून मज्जारज्जूपर्यंत आदेश आणणाऱ्या वरच्या चेतापेशींना इजा झाली असेल, तर तो वर उचलला जातो. हिस्टेरियात तसं होत नाही, आणि ठरवून अगदी तसाच वर करणं सोपं नाही.

वरच्या चेतापेशी बिघडल्या की पाय हळूहळू ताठरतो, गुडघ्याखाली हातोडी मारली तर जोरात उडतो. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत जाणाऱ्या खालच्या चेतापेशी गेल्या, जशा पोलिओत जातात, तर पाय लुळा पडतो, स्नायू वाळतो, हातोडीला दाद देत नाही. अंगठाही वर जात नाही. गोम अशी की ताज्या झटक्यात वरच्या बिघाडातही पाय आधी लुळाच असू शकतो. तिथे अंगठा कामाला येतो. (वर्षाच्या आतल्या बाळाचा अंगठा वर जाणं मात्र नॉर्मल आहे, घाबरू नका.)

बाबिन्स्कींनी लग्न केलं नाही. ते भाऊ हेन्री यांच्यासोबत राहायचे. हेन्री पेशाने इंजिनिअर, पण 'अली-बाब' या नावाने त्यांनी लिहिलेलं स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक फ्रान्समध्ये गाजलं. १९३२ मध्ये बाबिन्स्की वारले. शेवटच्या काळात त्यांना स्वतःलाच पार्किन्सन्सने गाठलं होतं.