डॉ. वाल्डेमार हाफकीन

डॉ. हाफकीन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. १८९६ साली आपल्या हडफडे गावचे सुपुत्र डॉ. आकासियो व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग ओळखला. त्याच्या निवारणार्थ हाफकीन तेथे आले.

रोगजंतूंनाही वाढीसाठी नत्र लागते. आपल्या देहातील अमिनो आम्लांतून ते त्यांना मिळते. हाफकीनांनी बकऱ्याचे मांस आम्लाने पचवून तसेच अन्न सिद्ध केले, त्यात जंतू वाढविले व उष्णतेने मारून लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१९०२ साली मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकीनांच्या माथी आला. १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९३० साली ते निवर्तले. इतरांआधी स्वतःवर प्रयोग करणाऱ्या या शास्त्रज्ञाचे आपण ऋणी आहोत.