धामारीचा छापा व वासुदेव बळवंत

इंग्रजी सत्तेविरुद्ध वासुदेव बळवंत फडके यांनी पुकारलेल्या युद्धाचा पहिला छापा २३ फेब्रुवारी १८७९ रोजी पुणे जिल्ह्यातील धामारी गावावर पडला. त्या घटनेस १९७९ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. परंतु शताब्दी सरली की स्मरणाचे कर्तव्यही सरले, हे आम्हांस मान्य नाही. पेण-रोह्याच्या लोकांस तर नाहीच; कारण पेणहून पनवेलास जाताना कर्नाळ्यापलीकडे जे शिरढोण लागते, तेथेच या पुरुषाचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला.

पुण्यास लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही व मातेचे अंत्यदर्शन अंतरले. हे दुःख खाजगी खरे. पण १८७६-७७ च्या दुष्काळात फिरून त्यांनी रयतेची दैना पाहिली, तेव्हा त्याचे देशदुःख झाले. सुशिक्षितांनी पाठ फिरविली. तेव्हा ते रामोशांकडे वळले.

फौजेच्या खर्चासाठी सावकार-व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली. आमच्या व्यापारी वाचकांस हे रुचणार नाही. आम्हीही त्याचे समर्थन करीत नाही. मात्र १८७५ साली सुप्यास कुळांनी सावकारांची खतपत्रे का जाळली, याचाही विचार त्यांनी करावा.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाइकाने पनवेलनजीक पळस्पे व चिखली येथे छापे घातले. परतताना तो फौजेशी लढत पडला. वासुदेव बळवंत जुलैत विजापूरकडील देवर नावडगी येथे पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. सरकारच्या रोषाचे भय असता आरोपीच्या पाठीशी उभे राहणे हाच वकिलीचा खरा धर्म होय. परंतु आरोपीची स्वहस्ताची रोजनिशी व आत्मचरित्रच पुराव्यात आले; जन्मठेप झाली. एडनच्या तुरुंगातून १८८० साली ते निसटले, पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच निवर्तले. वय अवघे सदतीस.

हा उठाव का फसला? रामोशांस लूट हवी होती, वासुदेव बळवंतांस राज्य. आणि शिकलेला वर्ग दाराआड बसला होता. ज्ञान शहरात व उपासमार रानात, अशी फाळणी जेथे असते तेथे एकट्याचे शौर्य व्यर्थ जाते. स्वराज्य १९४७ साली आले, पण ती फाळणी पुरती मिटली नाही. आपल्या तालुक्यांतील कातकऱ्याच्या वाडीत शाळा व न्याय पोहोचविणे, हेच आमच्या मते शिरढोणच्या या पुत्राचे खरे स्मारक होय.