डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाचे कारण शोधणारी शास्त्रज्ञ

स्त्रीच्या स्तनात गाठ आली की आपल्या वस्त्यांत आजही दोन गोष्टी होतात. आधी ती लाजेपोटी लपवली जाते आणि नंतर नशिबाला किंवा मागच्या जन्मीच्या पापाला बोल लावला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच नागपुरात आपल्याला जो धम्म दिला, तो सांगतो की दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते. स्तनाच्या कर्करोगाचे कारण शोधण्यात हयात घालवलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे जीवन म्हणूनच आम्ही तरुणांपुढे ठेवत आहोत.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. पण त्यांनी वनस्पतिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले. १९४३ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

शिकलेल्या घरामुळे त्यांना जी दारे उघडी होती, ती आपल्या आज्या-पणज्यांना बंद होती. पण त्याही गप्प नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, असा ठराव तिथे झाला. कामाचा शरीरावर होणारा परिणाम हा हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पीएच.डी.नंतर कमलताई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या, तिला न विचारता घेतलेल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले, पण तिच्या घरच्यांना वीसेक वर्षे पत्ताच नव्हता. विज्ञान आपल्याला हवेच. मात्र ते कोणाच्या शरीरावर आणि कोणाच्या संमतीने चालते, हेही विचारले पाहिजे.

मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीरातील पेशी काचेच्या भांड्यात जगवून अभ्यासण्याची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. पुढे त्या या केंद्राच्या संचालकही झाल्या. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके म्हणजे हार्मोन्स यांच्याशी असलेला संबंध तपासला. सुपारी आणि तंबाखूवरही त्यांनी प्रयोग केले. खर्‍याच्या पुड्या जिथे चौकाचौकात मिळतात, त्या आपल्या विदर्भाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

संप्रेरके ही शरीरातील निरोपे. स्तनातील पेशींनी केव्हा वाढायचे, हे इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके ठरवतात. काही रसायने शरीरात शिरून याच निरोप्यांची नक्कल करतात किंवा त्यांचा निरोप अडवतात. गर्भपात टळावा म्हणून एकेकाळी गरोदर बायांना डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन दिले जाई. १९७१ मध्ये अमेरिकेत उघड झाले, की त्यांच्या पोटी जन्मलेल्या काही मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाला. डीडीटीचा काही अंश इस्ट्रोजेनसारखा वागतो, तर एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर बंदी घातली. अशा रसायनांशी संबंध आलेल्या प्रत्येकीला कर्करोग होतोच असे नाही. वय, आनुवंशिकता, दारू, लठ्ठपणा यांचाही वाटा असतो. पण धोका सगळ्यांना सारखा नसतो. फवारलेल्या कपाशीत निंदण करणारी, कापूस वेचणारी, फवारणीचे कपडे हाताने धुणारी बाई कोणत्या समाजाची असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

१९७३ मध्ये कमलताईंनी सहकारी स्त्रियांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर त्यांनी काम केले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना अभिवादन म्हणून फोटोला हार घालून भागणार नाही. विहारात महिलांची बैठक होते, तिथे स्तनातील गाठीबद्दल मोकळेपणाने बोलू या. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी, हे सरकारचेच धोरण आहे. ती खरोखर होते का, ते वस्तीवस्तीत जाऊन पाहू या. आणि रुग्ण स्त्रीने आयुष्यभर कोणते काम केले, कोणत्या रसायनांशी तिचा संबंध आला, याची नोंद केसपेपरवर झालीच पाहिजे, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. १९४२ च्या ठरावाचे उरलेले काम ते हेच.